गच्चीवरची बाग : रानलसूण पुण्यात रुजेल का?

प्रश्न : ताई, माझी मुलगी जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. एप्रिलमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा घरामागच्या जंगलात लसणाचा नुसता घमघमाट सुटलेला असायचा. रुंद, मऊ हिरवी पानं आणि पांढऱ्या फुलांचे गुच्छ. तिकडे त्याला बेअरलाउख म्हणतात. त्याची चटणी आम्ही रोज पोळीबरोबर खायचो. पुढच्या खेपेला बिया किंवा दोन-चार कांदे आणले, तर आमच्या पूर्वेकडच्या बाल्कनीत येतील का? *(कोथरूडहून एक वाचक)*

उत्तर : आधी सरळ सांगते. आणू नका. आणि आणलात तरी तो पुण्याच्या बाल्कनीत टिकणार नाही. अशी विचारणा हल्ली बरेच वाचक करतात, म्हणून दोन्हींची कारणं जरा सविस्तर देते.

पहिलं कारण कायद्याचं. परदेशातून बी, कांदा, कलम आणायचं, तर वनस्पतींच्या आयातीसंबंधीच्या 2003 च्या आदेशाप्रमाणे आधी परवाना काढावा लागतो आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सोबत असावं लागतं. मोज्यात गुंडाळून बॅगेत टाकलेला कांदा त्यात बसत नाही. मला हा नियम मुळीच जाचक वाटत नाही. कांदा-लसणाला होणारी पांढरी सड घ्या. त्या बुरशीचे खसखशीएवढे काळे दाणे मातीत वीस-वीस वर्षं जिवंत राहतात. एवढ्याशा मातीबरोबर असलं काही आलं, तर आपली कुंडी गेली म्हणून आपण हळहळू. पण जुन्नर-खेडकडच्या शेतकऱ्याचं पुढच्या पिढीपर्यंतचं रान नासेल.

दुसरं कारण झाडाच्या स्वभावाचं. तुम्ही पाहिलात तो अ‍ॅलियम उर्सिनम, युरोपातल्या पानगळीच्या जंगलात वाढणारा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिकडचे बीच, ओक उघडेबोडके असतात. जमीन ओली आणि चांगली गार असते, ऊन थेट खालपर्यंत पोचतं. तेवढ्या अवधीत हा पानं काढतो, वर्षभराचं अन्न कांद्यात साठवतो, एप्रिल-मेमध्ये फुलतो. वरची पालवी दाट झाली, खाली सावली पडली, की जून संपेपर्यंत पानं पिवळी पडतात आणि कांदा जमिनीखाली झोपी जातो. ती झोपही गार, ओलसर, पानांच्या कुजक्या थराखालची.

आपल्याकडे पानगळ होते तीही साधारण त्याच महिन्यांत. मार्चमध्ये तळजाईच्या टेकडीवर जाऊन बघा, निम्मी झाडं खराटा झालेली दिसतील. पण आपल्याकडे झाडं उघडी पडतात तेव्हा जमीन तापायला लागलेली असते आणि पाऊस अजून तीन महिने लांब असतो. म्हणजे ऊन मिळतं तेव्हा गारवा आणि ओल नसते, आणि ओल येते तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आपल्या डोंगरावरचे कंद त्यामुळे वेगळाच क्रम पाळतात. रानहळद असो वा फोडशी, उन्हाळाभर जमिनीत गप्प आणि पहिल्या पावसाबरोबर वर. बेअरलाउखला तो क्रम शिकवता येत नाही. एप्रिलमध्ये पारा 38-40 वर जातो, तेव्हा बाल्कनीतल्या कुंडीची माती हाताला चटका देते. त्यातून कांदा वाचलाच, तर जुलैच्या संततधारेत सडतो. महाबळेश्वरी बंगला असलेल्या वाचकांनी सुटकेचा नि:श्वास टाकू नये. तिकडे उन्हाळा सुसह्य असला, तरी पावसाळा त्याला नक्की संपवेल.

बियांचं तर आणखी अवघड. ताज्या बीला आधी काही महिने उबदार ओल लागते, तेव्हा आत मूळ सुटतं. मग कडक थंडीचे काही महिने काढल्याशिवाय कोंब वर येत नाही. पाकिटातलं वाळकं बी तर एकेक वर्ष हूं की चूं करत नाही. ओल्या वाळूत बी घालून आधी खोलीत, मग फ्रीजमध्ये ठेवून कोंब काढणारे हौशी लोक आहेत. पण पहिल्या वर्षी मिळणार एक नाजूक पान आणि फूल यायला तिथेच काही वर्षं जातात. आपल्याकडे मे महिना त्याआधी येतो.

आता मूळ मुद्दा चवीचा, आणि तिथे मी तुम्हाला रिकाम्या हाती पाठवणार नाही. बेअरलाउखची चव म्हणजे झणका कमी केलेला, हिरवा लसूण. ती चव इथे दोन ठिकाणी मिळते. एक, घरी कुंडीत वाढवलेली लसणाची कोवळी पात. दुसरं, लसूण-चाइव्हज, म्हणजे अ‍ॅलियम ट्युबरोसम, ज्याचं एक बेट लावलं की वर्षानुवर्षं राहतं. पुढच्या प्रश्नांत दोन्हींची लागवड येतेच आहे.

चटणी अशी करा. दोन मुठी पात धुऊन, फडक्यावर पसरून अगदी कोरडी करा. पाणी राहिलं तर चटणी लवकर खराब होते. जाडसर चिरा, मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा काजू, मीठ, लिंबाचा रस आणि वाटण सैल होईल इतकं तेल घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. शिजवू नका. पान कापल्यावर, वाटल्यावरच आतला एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकाशी भिडतो आणि लसणाचा तो वास तयार होतो. आधीच उष्णता दिली की विकर मरतो आणि चव गवतासारखी लागते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. तेलातला कच्चा लसूण किंवा पात ओट्यावर ठेवायची नाही. हवा न लागणाऱ्या तेलाखाली बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि त्याचा वासावरून पत्ता लागत नाही. फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. जास्त झाली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

प्रश्न : सिंहगड रस्त्यावरच्या एका नर्सरीतून 'लसूण गवत' म्हणून रोप आणलं. बारीक, लांब पानं आहेत. नर्सरीवाला म्हणाला, भाजीत टाका. पण सोसायटीच्या बागेत तसंच दिसणारं झाड आहे आणि माळीकाका म्हणतात, ती लिली आहे. खाऊ की नको? *(धायरीहून एक वाचक)*

उत्तर : तुम्ही खाण्याआधी विचारलंत, हे फार बरं केलंत. खात्री होईपर्यंत एक पानही तोंडात घालू नका.

'लसूण गवत' या नावाखाली पुण्यात निदान तीन झाडं विकली जातात. एक वर सांगितलेलं लसूण-चाइव्हज. दुसरं तुलबाघिया, दक्षिण आफ्रिकेचं, जांभळट फुलांचं, ज्याला सोसायटी गार्लिक म्हणतात. तिसरं, आणि इथेच घात होतो, पावसाळी लिली, म्हणजे झेफिरँथस. पहिली दोन खाण्याची, तिसरी विषारी. तिच्या कांद्यात आणि पानांत लायकोरिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये वाटेच्या कडेने हीच लिली ओळीने लावलेली असते.

ओळख अशी पटवा. लसूण-चाइव्हजचं पान चपटं, भरीव, गडद हिरवं असतं. हिरव्या कांद्याच्या पातीसारखं पोकळ नाही. तुलबाघियाचं पान अरुंद, किंचित राखाडी झाक असलेलं. पांढऱ्या पावसाळी लिलीचं पान गोलसर आणि चकचकीत, गुलाबी लिलीचं मात्र चपटं असतं. म्हणजे पानाच्या आकारावर भिस्त ठेवून चालत नाही. फूल आलं की प्रश्न मिटतो. लिलीच्या एका दांड्यावर एकच फूल उमलतं. लसूण-चाइव्हजच्या दांड्यावर छोट्या पांढऱ्या चांदण्यांचा गुच्छ, तुलबाघियाच्या दांड्यावर जांभळट फुलांचा.

फूल नसेल तर वास. पान चिमटीत धरून चांगलं चुरडा आणि नाकाशी न्या. लसणाचा स्पष्ट, खणखणीत वास आला पाहिजे. 'जरासा येतोय बहुतेक' हे उत्तर नाही. यातही एक मेख आहे. एकदा लसणाचं पान चुरडलं की तो वास बोटांना चिकटून बसतो, आणि मग त्याच बोटांनी दुर्वा चुरडल्या तरी लसूण वाटतात. म्हणून तुमच्या झाडाचं पान एका हाताने आणि लिलीचं दुसऱ्या हाताने चुरडा. किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला न सांगता वास घ्यायला द्या. दुपारी फोडणी करून आलेल्या हातांनी ही परीक्षा करूच नका. एका कुंडीत दोन्ही मिसळून उगवलेली मी पाहिली आहेत, म्हणून एका पानावर न थांबता बेटाच्या चारही बाजूंची पानं तपासा. जर्मनीत दर वसंतात बेअरलाउख समजून लिली ऑफ द व्हॅली किंवा कोल्चिकम या विषारी झाडांची पानं खाल्ल्याच्या घटना घडतात, त्यातल्या कित्येक अशाच वास लागलेल्या हातांमुळे.

झाड लसूण-चाइव्हज निघालं तर आनंद आहे. माझ्याकडचं बेट सहकारनगरला शेजारी भाड्याने राहणाऱ्या एका मणिपुरी विद्यार्थिनीने दिलं. तिच्या घरी त्याला मरोई नाकुप्पी म्हणतात आणि त्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. तिच्यामुळे मी ते डाळीच्या फोडणीत टाकायला लागले. थालीपिठात तर कोथिंबिरीपेक्षा मला तेच आवडतं.

सकाळचं तीन-चार तासांचं ऊन त्याला पुरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडनेटची किंवा मोठ्या झाडाची सावली द्या. माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, वाळू किंवा कोकोपीट एक भाग, आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीच्या तळाची भोकं खापरीने झाकायला विसरू नका, पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. पानं जमिनीपासून तीन-चार बोटं ठेवून कात्रीने कापा, ओढू नका. महिन्याभरात पुन्हा कापणीला येतात. दोन-तीन वर्षांनी बेट घट्ट होऊन पानं बारीक पडायला लागली, की पहिल्या पावसानंतर अख्खं उपसून चार-पाच काड्यांचे गठ्ठे करून नव्या मातीत लावा. बियाण्याच्या भानगडीत पडू नका, बी वर्षभरात निकामी होतं. कुणाकडून तरी गठ्ठाच मागून घ्या. पुण्यात बागवाले लोक मागितलेलं झाड नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : घरचा लसूण कुंडीत लावला. काही पाकळ्या कुजल्या, उरलेल्यांची पात शेंड्याला पिवळी पडतेय. *(हडपसरहून एक वाचक)*

उत्तर : कधी लावलात ते लिहिलं नाहीत. पावसाळ्यात लावला असेल तर कुजणारच. पुण्यात लसूण दसऱ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावायचा. फक्त पात हवी असेल तर जानेवारीपर्यंत दर पंधरवड्याला थोड्या थोड्या पाकळ्या खोचत राहा, म्हणजे थंडीभर पुरते.

गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडा, साल काढू नका, टोक वर ठेवून दोन बोटं खोल लावा. पातीसाठी दाट लावला तरी चालतो, गड्डा हवा असेल तर पाकळ्यांमध्ये वीतभराच्या निम्मं अंतर ठेवा. जातिवंत बेणं हवं असेल तर आपल्या जिल्ह्यातच, राजगुरुनगरला, कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. भीमा ओंकार, भीमा पर्पल या जाती तिथल्याच. पात वीतभर झाली की बाहेरची पानं कापत जा, मधला कोंब राखा. गड्डा धरायचा असेल तर पात कापायचा मोह आवरा, दोन्ही मिळत नाही.

पिवळ्या शेंड्यांची नेहमीची कारणं दोन. एक, रोज भसाभस पाणी. बोटाचं एक पेर मातीत घालून कोरडं लागलं तरच झारी उचला. दुसरं, टँकरचं किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरला असेल तर तेच. एकदा नळाचं पाणी भरपूर घालून ते खालून वाहून जाऊ द्या. पानांवर चंदेरी ओरखडे दिसत असतील तर ते फुलकिडे. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब भांडी घासायचा द्रवसाबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. पावसाळ्यात राजगडाच्या वाटेवर लसणीसारखा कांदा दिसला. ग्रुपमधला एक जण म्हणाला, हा रानलसूण, मॅगीत टाकू. आम्ही टाकला नाही, पण खरंच खातात का? *(सदाशिव पेठेतून एक विद्यार्थी)*

उत्तर : टाकला नाहीस, शाब्बास! तुझ्या त्या मित्रालाही हा अंक वाचायला दे.

भारतातले रानटी लसूण-कांदे बहुतेक सगळे हिमालयाच्या बाजूचे. उत्तराखंडात जंबू आणि फरण वाळवून फोडणीत घालतात ते त्यातलेच. सह्याद्रीत पावसाळ्यात जमिनीतून पाती वर काढणारी, कांदा असलेली झाडं पुष्कळ आहेत, पण ती वेगळ्या कुळांतली, आणि त्यातली काही जीव घेणारी. कोळकांदा बघ, याला पुष्कळ जण रानकांदाच म्हणतात. मुठीएवढा पांढरट कांदा, उन्हाळ्यात पानांशिवाय नुसता फुलांचा दांडा, पावसाळ्यात चपटी पानं. रस लागला तर हाताला खाज सुटते. पोटात गेला तर थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतो.

दुसरी कळलावी. लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या पाकळ्यांचं तिचं फूल तू किल्ल्याच्या वाटेवर पाहिलंच असशील. फुलावर असताना ती कुणालाही ओळखू येते, पण फूल येण्याआधी नुसता कोंब आणि कंद असतो. त्या कंदात कोल्चिसिन असतं. युरोपात बेअरलाउख समजून ज्या कोल्चिकमची पानं खाल्ली जातात, त्यातलंही विष हेच. ते शिजवून जात नाही, त्यामुळे 'उकळलं की काही होत नाही' हा डोंगरावरचा लाडका समज मनातून काढून टाक. आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही तास माणूस ठीक असतो, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. तेव्हा लोक म्हणतात, बाहेरचं खाणं बाधलं, आणि मोलाचे तास जातात. कुणी असलं काही खाल्लंच, तर त्रास व्हायची वाट न बघता दवाखान्यात न्यायचं आणि त्या झाडाचा पान-कंदासकट तुकडा बरोबर न्यायचा.

रानभाजीची हौस असेल तर ती जरूर असावी, मला स्वतःला फोडशीशिवाय आषाढ पुरा झाल्यासारखा वाटत नाही. पण ती मुळशी-मावळाकडून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींकडून घे. त्यांनी लहानपणापासून ती खुडली आहे. जुडी कशी निवडायची, मुळाकडचा चिवट भाग कुठपर्यंत काढायचा, हे त्यांनाच विचार. न कंटाळता सांगतात.

प्रश्न : आमच्या गेटवर लसूणवेल आहे. पानांना लसणाचा वास येतो. स्वयंपाकात वापरता येईल का? फुलं कमी का येतात? *(औंधहून एक वाचक)*

उत्तर : लसूणवेल दक्षिण अमेरिकेतली आहे, लसणाची दूरची नातेवाईकही नाही. वास सारखा आहे इतकंच. आपल्या स्वयंपाकात तिला जागा नाही, मी घालत नाही आणि घाला म्हणणारही नाही. ती फुलांसाठीच ठेवा. उमलताना गडद जांभळी, मग फिकट जांभळी, शेवटी पांढरट, असे तिन्ही रंग एकाच वेळी वेलावर दिसतात. बहर मुख्यतः पावसाळा सरल्यावर येतो, तो ओसरला की लगेच छाटणी करा. उन्हाळ्यात किंवा ऐन पावसात छाटलीत तर येणारे फुलांचे फुटवेच कापले जातात. पाच-सहा तास ऊन मिळत नसेल तर मात्र कितीही खत घाला, नुसती पानंच वाढतील.

प्रश्न : आमची मांजर लसणाच्या पातीची कुंडी कुरतडते. चालेल ना? *(पाषाणहून एक वाचक)*

उत्तर : नाही, अजिबात चालणार नाही. कांदा, लसूण, चाइव्हज, सगळ्यांतले गंधकयुक्त घटक मांजरांच्या आणि कुत्र्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. मांजरं जास्त नाजूक. रोज थोडं थोडं खाल्लं तरी साठत जातं. त्यामुळे 'काल खाल्लं, काही झालं नाही' यावर विसंबू नका. कुंडी आजच तिच्या उडीच्या टप्प्याबाहेर, टांगत्या शिंकाळ्यात किंवा जाळीत न्या. मरगळ, फिकट हिरड्या किंवा लालसर-तपकिरी लघवी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा आणि पात खाल्ल्याचं न विसरता सांगा. तिला हिरवं चावायची सवय असेल तर पसरट कुंडीत गहू पेरा. आठवडाभरात गव्हांकुर वर येतात. ते तिने खुशाल खावेत.